पंखा किती तास चालतो?

मी कुणाच्या घरात शिरलो की लोक आधी कपाळ पुढं करतात. चूक त्यांची नाही. माझ्या हातात पांढरी बंदूक असते, कोरोनात दारादारात कपाळाला लावायचे तसलीच. मी कपाळ सोडून ती वर छताकडं रोखतो, बटण दाबतो आणि आकडा लिहून घेतो. मग माणसं गोंधळतात. एका आजोबांनी तर काळजीनं विचारलं होतं, छताला ताप आलाय का म्हणून. मी म्हणलं, आजोबा, तेच तर बघायला आलोय.

हाच माझा धंदा. घरांचा, शाळांचा, हापिसांचा ताप मोजायचा. ओळखपत्रावर माझं पद लई भारी आहे, ऊर्जा सर्वेक्षक, आणि खाली चष्मा लावून वाचावं लागेल एवढ्या अक्षरात कंत्राटी. मंद्रूपला आमची आई गल्लीत सांगते, पोरगं लायटीत हाय. त्यामुळं गावात कुणाचीही लाईट गेली की मला फोन येतो. आता मी सांगायचंच सोडून दिलंय. लवकर येईल म्हणतो, ती येते, माझं नाव होतं.

काम काय, ते एकदा सांगून टाकतो. सरकारला इमारतींचा धूर कमी करायचाय. ट्रेनिंगमध्ये हे वाक्य ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढं डोक्यावर धुराडं असलेली बिल्डिंग आली. सोलापूरच्या माणसाला धूर म्हणलं की मिलचं धुराडंच आठवणार. पण तसं नसतंय. आपण घरात कूलर लावतो, एसी लावतो, आणि त्यासाठी तिकडं लांब कुठंतरी कोळसा जळतो. म्हणजे धुराडं प्रत्येक घराला आहे, फक्त ते दुसऱ्याच्या गावात उभं आहे. मग सरकारनं ठरवलं की इमारतीच कमी तापतील असं करायचं. जुन्या ट्यूब काढून एलईडी लावायच्या, वीज पिणारे पंखे बदलायचे, आणि आपल्याकडं सगळ्यात कामाचं म्हणजे छताला एक पांढरा रंग द्यायचा, जो ऊन आत न घेता आल्या वाटेनं परत पाठवतो. आम्ही पोरं आधी जाऊन मोजणार. कुठं किती वीज जाते, काय केलं तर किती वाचेल, सगळं टॅबमध्ये भरणार. टॅब हिरवा झाला की काम मंजूर. लाल झाला की पुढचं घर.

ह्या कामाला माणसं ओळखायची अक्कल लागते, ती ट्रेनिंगमध्ये देत नाहीत. एका तालुक्याच्या हापिसात गेलो, गाव सांगत नाही. बाहेर मे महिना. आत एसी सोळावर, खिडकी उघडी, आणि भाऊसाहेबांच्या अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. मी नम्रपणे म्हणलं, एसी चोवीसवर ठेवला तर वीज वाचेल आणि तुम्हाला थंडीपण वाजणार नाही. भाऊसाहेबांनी स्वेटरवरून हात फिरवला. "मग हा कधी घालू? सासूबाईंनी विणलाय." खिडकी का उघडी, तर आत मोबाईलला रेंज येत नाही. मी सगळं लिहून घेतलं. टॅब एवढा हिरवागार झाला की जणू शेतच. कारण सोपं आहे, जिथं उधळपट्टी जास्त तिथं बचत जास्त.

एका शाळेत तर त्याच्याही पुढची मजा. गुरुजींनी वर्गात नव्या एलईडी लावल्या होत्या, आणि शेजारी जुन्या ट्यूबपण चालू होत्या. एवढा उजेड की पोरं डोळे बारीक करून फळा वाचत होती. मी म्हणलं, गुरुजी, जुन्या काढा की. गुरुजींनी मला कपाटाजवळ नेलं आणि डेडस्टॉक रजिस्टर काढून दाखवलं. जुन्या ट्यूब तिथं नावानिशी नोंदवलेल्या. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू बाद करायचा, आदेश आल्याशिवाय त्यांना काढता येत नाही. बरं, काढायच्या नाहीत, पण बंद ठेवा? गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले, तपासणीला साहेब येतात तेव्हा वस्तू चालू स्थितीत आहे का बघतात, आणि कोण कधी येईल सांगता येत नाही.

नव्या पेठेतल्या साडीवाल्या शेठचं वेगळंच. त्यांनी पांढरा उजेड लावून बघितला आणि दुसऱ्या दिवशी तापणारे पिवळे दिवे परत लावले. म्हणाले, ह्या उजेडात साडीची जर आजारी दिसती.

ह्या सगळ्यांच्या नकला मी हापिसात जेवणाच्या सुट्टीत करतो. सगळ्यात जास्त फर्माईश आमच्या जाधव साहेबांच्या नकलेला. साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर, माणूस सरळ, कामाला वाघ. फक्त बोलायच्या आधी ते चष्मा काढतात आणि बोलणं संपलं की घालतात. म्हणजे बोलताना समोरचं माणूस त्यांना दिसतच नाही. असा मी सगळ्यांना हसत फिरणारा. पण गेल्या चैत्रात एका गल्लीत माझंच हसं झालं.

पूर्व भागातली गल्ली. दोन्ही बाजूला मिळून बारा घरं, सगळी पत्र्याची. दुपारचे दोन. पहिल्याच घरात चार बायका मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या पोत्यात पानं. विड्या वळत होत्या. आमच्या पूर्व भागात हे घरोघरी चालतं. पुरुष यंत्रमागावर, बायका विडीवर, आणि घरात बोलायचं तेलुगूत. मधे बसलेली साठीची बाई घरमालकीण. तिला अख्खी गल्ली नरसक्का म्हणते. मी योजना सांगितली, ती मान हलवत होती, हात थांबत नव्हते. म्हणाली, मोज की बाबा, काय मोजायचं ते.

वर एक पंखा होता. त्याच्या पात्यांना जुन्या साडीचं फडकं गुंडाळून वर गाठ मारलेली. मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून केलंय, टापटीप बाई दिसते. पंखा किती वीज खातो ते मोजायचं तर तो चालवावा लागतो. मी स्टुलावर चढलो, गाठ सोडली, फडकं काढलं. कोपऱ्यातली अंबूबाई, म्हणजे नरसक्काची शेजारीण, तेलुगूत काहीतरी बोलली. मला वाटलं, सावकाश उतर म्हणतीय. नंतर कळलं की ती म्हणत होती, ह्याला खाली ओढा.

मी बटण दाबलं.

चार सुपांतली तंबाखू एका क्षणात हवेत. खोलीत वावटळ उठल्यासारखं झालं, काही दिसेना. मग शिंका सुरू झाल्या. चार बायका आणि मी, पाचजण एकमेकांना उत्तर दिल्यासारखे शिंकत होतो. शिंकांच्या मधे जी जागा मिळेल तिथं अंबूबाई मला शिव्या घालत होती, त्या मात्र मराठीत, मला कळाव्यात म्हणून. नरसक्कानं रांगत जाऊन बटण बंद केलं. पदरानं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "झाडू तिकडं हाय."

मी झाडलं. चाळलं. दगड-केर वेचला. तेवढ्यावर सुटका नाही झाली, कारण त्यांचा अर्धा दिवस माझ्यामुळं बुडाला होता. नरसक्कानं माझ्या हातात कात्री दिली आणि पत्र्याचा एक छोटा चौकोनी तुकडा. पानावर तो ठेवायचा, कडेनं कापायचं, झालं विडीचं माप. दोन तास मी पानं कापत बसलो. आयटीआयला एवढा मन लावून बसलो नव्हतो.

आणि त्या दोन तासांत मला पत्रा कळला. याआधी मी शंभर घरांच्या पत्र्यावर बंदूक रोखली असेल, पण त्याच्याखाली बसलो नव्हतो. पहिली दहा मिनिटं घाम येतो. मग घाम यायचा थांबतो आणि डोक्यावर कुणी गरम तवा धरलाय असं वाटायला लागतं. बोलायचा कंटाळा येतो. मी टॅबमधला प्रश्न सवयीनं विचारला, "अक्का, पंखा किती तास चालतो?"

अंबूबाई म्हणाली, दिवाळीला पुसतो तेव्हा. एकदा फिरवून बघतो, हाय का अजून.

मी विचारलं, रात्रीचं? तर रात्री सगळी गल्ली बाहेर खाटा टाकते, भट्टीत कोण झोपतंय. आणि दिवसा पंखा लावला तर काय होतं ते मी आत्ताच दाखवलं होतं.

मग नरसक्कानं तिच्या मुलाचं सांगितलं. रवी, पुण्याला कंपनीत आहे, बायको आणि एक लहान मुलगी. गेल्या वैशाखात नरसक्का हितंच, सुपावरच चक्कर येऊन पडली होती. दवाखान्यात तीन दिवस. रवी येऊन बसला होता आणि जाताना ठाम सांगून गेला होता की पुढच्या मे महिन्यात तो येणार आणि तिला घेऊन जाणार. ह्या घरात दुसरा उन्हाळा काढू देणार नाही. तो मे महिना आता पाच आठवड्यांवर आला होता.

"पोरगं चुकीचं न्हाई बोलत," नरसक्का म्हणाली. "पण तिकडं जाऊन मी काय करू? पोरगं कामाला, सून बालवाडीत शिकवायला, नातपण तिच्यासंगंच, सगळी दार लावून जातात. लिफ्टमधे एक बाई भेटली, तिला तेलुगू येत न्हाई, मला इंग्लिश येत न्हाई. चार दिवस राहिले, भिंतीशी बोलले. हितं मी बसले की चारजणी येतात." मग वर बघितलं. "तो रंग दिला की खरंच कमी होतं का?"

मी छाती ठोकून सांगितलं, होतं. म्हणलं, अक्का, तुझ्या गल्लीपेक्षा जास्त ऊन खाणारी गल्ली मी सोलापुरात बघितली नाही. बाराच्या बारा पत्रे पांढरे होणार, लिहून ठेव.

लिहून ठेवायला तिला वेळ नव्हता म्हणून बरं. बाकीच्या अकरा घरांतपण पंखा बंदच निघाला. संध्याकाळी मी सगळं टॅबमध्ये भरलं, पंखा शून्य तास, आणि टॅब लालभडक झाला. बचत अपेक्षित नाही, अपात्र. बारा घरं, बारा वेळा लाल.

मी जाधव साहेबांकडं गेलो. साहेबांनी चष्मा काढला. त्यांचं म्हणणं असं की ही योजना वाचलेल्या विजेवर चालते. वीज वाचली तर धूर वाचला. ह्या बायका वीज जाळतच नाहीत, तर वाचणार काय? मी म्हणलं, साहेब, म्हणजे सोळावर एसी लावून स्वेटर घालणारा पात्र, आणि जी बाई पंख्याला फडकं बांधून बसते ती अपात्र? साहेब म्हणाले, "अरे, धुराच्या हिशेबानं ती बाई आदर्श आहे." आणि चष्मा घातला. घातल्यावर त्यांना माझं तोंड दिसलं असणार, कारण परत काढला आणि म्हणाले, मलापण पटत नाही, पण टॅबमध्ये कारण लिहायला जागा नाही.

त्या दिवशी मी जे केलं ते चूकच होतं. मी बाराही घरं परत उघडली आणि शून्य खोडून दहा केलं. पंखा, दहा तास. टॅब हिरवा. एवढं सोपं असतं बघा. मी गल्लीत जाऊन सांगितलं, मंजूर. अंबूबाईनं शिव्या परत घेतल्या आणि गूळशेंगदाणे दिले.

आठवड्यानं साहेबांनी बोलावलं. मुंबईहून एक मॅडम पडताळणीला येणार होत्या. मंजूर झालेल्या वस्त्यांपैकी कुठलीही एक त्या निवडणार, आणि निवडली होती पूर्व भागातली ती गल्ली. का, तर सगळ्या बारा घरांत पंखा बरोबर दहा तास कसा काय चालतो, ह्याचं त्यांना नवल वाटलं होतं. एखाद्या घरी नऊ, एखाद्या घरी अकरा टाकायची अक्कल मला सुचली नव्हती. खोटं बोलायलापण अनुभव लागतो.

साहेबांना मी तेव्हा खरं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. सरळ गल्लीत गेलो आणि तालीम सुरू केली. मी मॅडम झालो. ओढणी म्हणून गमछा घेतला, नाकावर चष्मा ओढला, पेन उघडबंद करत विचारायला लागलो, "पंखा किती तास चालतो, मावशी?" बायका हसून लोळायला लागल्या. नरसक्कासुद्धा तोंडावर सूप धरून हसत होती. पण तिच्याकडं बघून माझ्या लक्षात आलं की ती उत्तर देत नाहीये. बाकीच्या सगळ्यांनी "दहा तास" पाठ केलं. अंबूबाईनं तर एवढं पाठ केलं की मी तोंड उघडायच्या आत तिचं उत्तर यायचं.

मॅडम आल्या त्या बरोबर दोन वाजता. मी केली होती तशा अजिबात नव्हत्या. बारीकशा, साधा कॉटनचा ड्रेस, खांद्याला पाण्याची बाटली, आवाज अगदी हळू. बरोबर जाधव साहेब. पंख्याचं फडकं आम्ही काढून लपवलं होतं, सुपं आतल्या बाजूला सरकवली होती. बायका शाळेत तपासणीला बसल्यासारख्या ओळीनं.

मॅडमनी अंबूबाईला विचारलं, "तुमचं नाव काय?"

"दहा तास," अंबूबाई म्हणाली.

मॅडमनी मान हलवली, जणू बरोबर उत्तर आलंय, आणि नरसक्काकडं विजेचं बिल मागितलं. नरसक्कानं ते काढून दिलं. मॅडमनी बिलावरची युनिट बघितली, वर पंखा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "दहा तास चालून एवढंच? कुठल्या कंपनीचा पंखा आहे हा? मलापण घ्यायचाय."

जाधव साहेबांनी चष्मा काढला, पण बोलले काहीच नाहीत. मी त्यांच्याकडं काम करायला लागल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. एवढ्या लोकांचे आवाज काढतो मी, त्या वेळी माझा स्वतःचा सापडेना.

नरसक्का उठली. आत गेली, स्वतःचं सूप घेऊन आली आणि होती त्या जागी बसली.

"मॅडम, पोराला बोलू नका. त्यानं आमच्यासाठी केलं. पंखा आमी लावतच न्हाई, तंबाखू उडती. खरं ते एवढंच हाय." तिनं शेजारची जागा हातानं साफ केली. "तुमी एक काम करा. बसा हितं. माझा एक कट्टा होईस्तोवर बसा. मग काय लिहायचं ते लिवा."

कट्टा म्हणजे पंचवीस विड्यांची जुडी. मॅडमनी घड्याळ बघितलं, त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. पण ओढणी आवरली आणि खाली बसल्या. त्या बसल्या म्हणून जाधव साहेब बसले. साहेब बसले म्हणून मीपण.

नरसक्का वळायला लागली. पान, चिमूटभर तंबाखू, अंगठ्यानं गुंडाळी, दोऱ्याचे दोन वेढे, टोक आत. पान, तंबाखू, गुंडाळी. खोलीत तेवढाच आवाज. पाच मिनिटांनी मॅडमचा चष्मा नाकावरून घसरायला लागला. त्यांनी तो वर केला, परत घसरला. बाटलीतलं पाणी प्यायल्या, तेपण गरम झालं होतं. साहेबांच्या शर्टाचा रंग बदलला. मॅडमनी विचारलं, झालं का. नरसक्का मान वर न करता म्हणाली, "अजून सात."

त्या सात विड्या मला सगळ्यात लांब वाटल्या.

शेवटी तिनं जुडी बांधली आणि मॅडमच्या हातात दिली. "हा झाला एक."

"दिवसाला असे किती होतात?"

"हात चालला तर चाळीस."

मॅडमनी जुडी उलटसुलट करून बघितली. मग मला म्हणाल्या, तुमची बंदूक द्या. स्वतः उठून पत्र्याचा आकडा घेतला, खोलीचा घेतला, आणि टॅबवर नाही, वहीत लिहिला. बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं. "खोटं लिहिलंत त्याचा मेमो येईल. पण मला एक सांगा, खरं का नाही लिहिलंत?"

मी म्हणलं, "खऱ्याला कॉलम नव्हता, मॅडम."

"मग मला फोन करायचा." आता मुंबईच्या मॅडमला मंद्रूपच्या कंत्राटी पोरानं फोन करायचा असतो, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून मात्र मी करतो. एवढे करतो की आता त्या उचलत नाहीत.

मेमो आला. साहेब म्हणाले, नजरचुकीनं झालं असं लिही. मी लिहिलं, नजरेनं बघूनच केलं, पण परत करणार नाही. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, परत वाचायचा प्रयत्न केला, आणि सही करून टाकली.

बारा घरांची मंजुरी रद्द झाली. ते बरोबरच होतं. पण योजनेत एक बारकी सोय होती, ती साहेबांनापण माहीत नव्हती. प्रत्येक प्रभागात एक घर नमुना म्हणून रंगवता येतं, लोकांना दाखवायला. त्याला वाचलेली वीज दाखवावी लागत नाही. मॅडमनी तिथं नरसक्काचं घर लिहिलं. बाकीच्या अकरा घरांसाठी त्यांनी वर पत्र लिहिलं, आणि आता आमच्या टॅबमध्ये एक नवा प्रश्न आलाय, दुपारी दोनला घरात तापमान किती. पंख्याचे तास शून्य असले तरी ह्या उत्तरावर टॅब हिरवा होऊ शकतो. ती अकरा घरं येत्या उन्हाळ्याआधी होणार असं म्हणतात. सरकारी ‘म्हणतात’ आहे ते, पण मी पाठीमागं लागलोय.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. नरसक्काच्या गल्लीत जायच्या आधी, मार्चमध्ये, मी दिवसाला वीस-वीस घरं उरकत होतो. दारात उभा राहून विचारायचं, पंखा किती तास? न्हाई चालत. लाल. पुढचं घर. का नाही चालत हे विचारायला मी आत गेलो नव्हतो. नवा प्रश्न आल्यावर मी ती यादी काढली आणि सुट्टीच्या दिवशी परत फिरलो. काही घरांना कुलूप होतं, माणसं उन्हाळ्यापुरती कुठं कुठं गेलेली. एका घरात एक बाई म्हणाली, तुमी मागंपण आला होता. मी म्हणलं, व्हय. ती म्हणाली, तवा आत न्हवता आला. रागानं नाही, नुसतं आठवण करून दिल्यासारखं. त्याची नक्कल मी कधी केली नाही.

असो. नरसक्काचा पत्रा मेच्या पहिल्या आठवड्यात पांढरा झाला. खोटं सांगणार नाही, घर काही थंडगार झालं नाही. सोलापूर आहे ते. पण डोक्यावरचा तवा गेला. बसता येण्यासारखं झालं. त्याचा परिणाम असा झाला की दुपारी गल्लीतल्या सगळ्या बायका आपापली सुपं घेऊन नरसक्काच्या घरात. दहा बाय बाराच्या खोलीत बारा बायका. कुणाची कात्री कुणाला लागेल सांगता येत नाही.

मी रंगानंतरचा आकडा घ्यायला गेलो त्याच दिवशी रवी आला. दुपारच्या उन्हात, हातात रिकामी मोठी बॅग. दारात उभा राहिला, आत पाय ठेवायला जागा नाही. चेहरा असा की भांडायचं आधीच ठरवून आलाय. "आई, चल. दोघांची तिकिटं काढलीत. साडेचारची गाडी हाय."

नरसक्का म्हणाली, आधी जेव.

बायकांनी सरकून त्याला कोपऱ्यात जागा केली. तो जेवला. जेवताना आईला सांगत होता, डॉक्टर काय म्हणाले होते, मागच्या वर्षी काय झालं होतं, ह्या वेळी ऐकून घेणार नाही. नरसक्का विड्या वळत राहिली. जेवण झालं. रवी म्हणाला, पाच मिनिटं पाठ टेकतो, तोवर तू आवर. बॅग डोक्याखाली घेतली आणि आडवा झाला.

दोन मिनिटांत घोरायला लागला.

अंबूबाई हसणार होती, नरसक्कानं नुसतं बघितलं. "कुणी उठवायचं न्हाई." मग बारा बायका तोंडातल्या तोंडात बोलायला लागल्या. कात्र्यांचा आवाज येऊ नये म्हणून पानं आधीच कापून ठेवली होती ती वापरली. चार वाजले. साडेचार वाजले. मी आकडा घेऊन कधीच निघायला पाहिजे होतं, पण बूडच हलेना.

पाचला रवी उठला. घड्याळ बघितलं आणि ताडकन बसला. "गाडी गेली की. कुणी उठवलं का न्हाई?"

"जाऊ दे," नरसक्का म्हणाली. "घाम आला का झोपेत?"

रवीनं मानेवरून हात फिरवला. मग वर पत्र्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. आईकडं नाही, माझ्याकडं वळून हळू आवाजात विचारलं, "हे पुण्यात करतात का? आमचं शेवटच्या मजल्यावर हाय. लई तापतं. पोरगी दुपारची झोपतच न्हाई, रडत असती."

मी सांगणार होतो की करतात, अर्ज कुठं करायचा तेपण सांगणार होतो. पण नरसक्कानं दोरा दातानं तोडला. "मग सुट्टी संपेपर्यंत हिकडं का न्हाई आणत तिला?"

रवीनं बॅग जवळ ओढली, तिची चेन उगाच लावली, उघडली. मग फोन काढून बायकोला लावला. "अगं ऐक. आईचं राहू दे. तुमच्या दोघींचीच बॅग भर."

अंबूबाईनं सूप उचलून मांडीवर घट्ट धरलं. "सरका गं जरा," ती म्हणाली, "अजून दोघी येतात."